गावची गाडी आणि विम्याची नोंद: कोकणात नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

गाडीचे कागद डिकीत आहेत ना, मग झालं, असा आपल्याकडे वर्षानुवर्षांचा हिशेब होता. पोलिसाने अडवलं की प्लॅस्टिकची पिशवी काढायची, त्यातून आरसी बुक आणि विम्याचा कागद पुढे करायचा. आता हातखंबा तिठ्यावर किंवा सावंतवाडीच्या नाक्यावर हवालदार आधी तुमचा कागद मागतोच असं नाही. हातातल्या मशीनमध्ये तो गाडीचा नंबर टाकतो आणि विमा कधीपर्यंत आहे हे तुमच्याआधी त्याला कळतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचा कळंबोली-खालापूरचा पट्टा आपल्या रायगडातूनच जातो. तिथे २०२४ पासून कॅमेरेच नंबर टिपतात. ओडिशाने तर १ फेब्रुवारी २०२४ पासून टोलनाक्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा विमा तिथल्या तिथे तपासून चलन पाठवायला सुरुवात केली. तिथे गाडी थांबवावीही लागत नाही.

ज्यांनी नुकतं लायसन्स काढलंय, पहिली गाडी घेतलीय किंवा ज्यांच्या हाती घरातली जुनी गाडी आलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मुद्दा एकच आहे: विमा असणं आणि सरकारी नोंदीत तो दिसणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही तुम्हालाच करायची आहेत.

मशीनला काय दिसतं

देशभरातल्या गाड्यांची नोंद ‘वाहन’ नावाच्या केंद्रीय डेटाबेसमध्ये असते. मालकाचं नाव, चासी नंबर, इंजिन नंबर, पीयूसी, फिटनेस, विमा, सगळं एका नंबरखाली. तुम्ही पॉलिसी घेतली की विमा कंपनीने ती माहिती पुढे पाठवायची आणि ती ‘वाहन’मध्ये चढायची, अशी व्यवस्था आहे. कॅमेरा किंवा हवालदाराचं मशीन नंबर वाचतं आणि ही नोंद उघडतं. तुमच्या डिकीतला कागद त्याला दिसत नाही. नोंदीत मागच्या वर्षीची तारीख असेल, तर त्याच्या लेखी तुमची गाडी बिनविम्याची.

पहिलं काम: आपल्या गाडीची नोंद स्वतः बघा

मोबाईलवर एम-परिवहन अॅप घ्या किंवा परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर जा. गाडीचा नंबर टाकला की माहिती उघडते. तीन गोष्टी सावकाश वाचा: विमा कंपनीचं नाव, विम्याची शेवटची तारीख आणि पीयूसीची तारीख. मग पॉलिसीचा कागद शेजारी ठेवून ताडून बघा. तारीख जुळली, तर निम्मं काम झालं.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट बघा. गाडीच्या नोंदीला कुणाचा मोबाईल नंबर जोडलाय? शोरूममधून गाडी घेताना किंवा एजंटाने कागद करताना भलताच नंबर टाकलेला असतो, असं पुष्कळदा होतं. मग चलनाचा मेसेज त्या माणसाला जातो आणि तुम्हाला दोन वर्षांनी, गाडी विकायला काढल्यावर कळतं. हा नंबर परिवहनच्या संकेतस्थळावरून बदलता येतो. आजच बदला.

गाडी फार जुनी असेल आणि नंबर टाकल्यावर काहीच येत नसेल, तर जुन्या रजिस्टरमधली नोंद संगणकावर चढलेलीच नाही. त्यासाठी मूळ आरसी बुक घेऊन ज्या आरटीओचा नंबर आहे तिथे जावं लागतं. एमएच-०६ असेल तर पेण, एमएच-०७ असेल तर ओरोस, एमएच-०८ असेल तर रत्नागिरी. तिथे ‘बॅकलॉग एंट्री’ करायचीय म्हणून सांगा, काउंटरवर हाच शब्द चालतो.

दुसरं काम: पॉलिसीतल्या दोन तारखा ओळखा

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

कायद्याने सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी विमा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, कुणी जखमी झालं किंवा कुणाचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई यातून होते. तुमची स्वतःची गाडी ठोकली, चोरीला गेली किंवा चिपळूणसारख्या पुरात बुडाली, तर त्यासाठीचा भाग वेगळा. त्याला ‘ओन डॅमेज’ म्हणतात आणि दोन्ही एकत्र असले की लोक ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात. ओन डॅमेज घेणं ऐच्छिक आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा आणि नवी कार घेताना तीन वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचं असतं. म्हणजे तुमच्या नव्या स्कूटरच्या पॉलिसीत एका चौकटीत ‘ओन डॅमेज’ची मुदत पुढच्या वर्षी संपलेली दिसेल आणि तिच्या खालच्या चौकटीत ‘थर्ड पार्टी’ची मुदत पाच वर्षं पुढची असेल. वर्ष संपलं की फोन सुरू होतात, ‘सर, तुमचा इन्शुरन्स एक्स्पायर झालाय.’ संपलेलं असतं फक्त ओन डॅमेज. रस्त्यावर गाडी आणायला तुम्ही कायद्याने मोकळे असता.

याचीच उलट बाजूही असते. पाच वर्षांचा विमा आहे म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि सहाव्या वर्षी कुणाच्या लक्षातच राहत नाही. २०२० मध्ये घेतलेल्या दुचाकीची ती मुदत २०२५ मध्ये संपली. अशा गाड्या गावोगाव आहेत. पॉलिसीतली थर्ड पार्टीची शेवटची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि आठवणीची घंटा महिनाभर आधीची लावा.

एक अपवाद सांगून ठेवतो. ताशी २५ किलोमीटरच्या आतली, २५० वॅटपर्यंतची छोटी इलेक्ट्रिक स्कूटर मोटार वाहनाच्या व्याख्येत येत नाही. तिला नंबरही नसतो आणि सक्तीचा विमाही. बाकी सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांना नेहमीचाच नियम.

गावची गाडी

कोकणातल्या घराघरात एक गाडी असते जिला ‘गावची गाडी’ म्हणतात. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात तेव्हाच ती बाहेर निघते. एरवी पडवीत किंवा मांगरात ताडपत्रीखाली उभी. बॅटरी उतरलेली, टायरमध्ये हवा नाही. पहिल्या दिवशी भाऊ मेकॅनिकला बोलावतो, प्लग साफ होतो, गाडी चालू होते आणि माणूस हार-फुलं, माटवीचं सामान आणायला बाजाराकडे निघतो. विमा कधी संपला हे कुणी विचारत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत महामार्गावर बंदोबस्त सगळ्यात कडक असतो.

कायदा इथे काय म्हणतो ते नीट समजून घ्या. गाडी तुमच्या पडवीत विम्याविना उभी आहे, हा गुन्हा नाही. बंदी आहे ती सार्वजनिक जागेत विम्याविना गाडी वापरण्यावर. आणि सार्वजनिक जागा म्हणजे फक्त हायवे नव्हे. लोकांना जायची-यायची मुभा आहे असा वाडीतला डांबरी रस्ताही त्यात येतो. ‘इथल्या इथेच तर जातोय’ याला कायद्यात जागा नाही.

पकडलं गेलं तर कलम १९६ लागतं. पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दंड ४,००० रुपये. हे कलम चालवणाऱ्याला लागतं, तसंच गाडी चालवू देणाऱ्यालाही. म्हणजे पुतण्याला चावी दिलीत, तर तुम्हीही त्यात आलात.

आता विम्याचा खर्च बघा. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरला की साडेआठशेच्या आत. हजार ते पंधराशे सीसीच्या कारला ३,४१६ रुपये अधिक जीएसटी. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे दुसरीकडून नसेल, तर त्याचे पैसे वेगळे पडतात, आणि तो घ्याच. म्हणजे एका दंडात दुचाकीच्या दोन वर्षांच्या हप्त्यांहून जास्त पैसे जातात.

म्हणून चाकरमान्यांना माझं कळकळीचं सांगणं: गणपतीच्या तिकिटांची धावपळ सुरू होते तेव्हाच गावच्या गाडीचा नंबर टाकून विमा बघा. संपला असेल तर मुंबईत बसूनच ऑनलाइन घ्या. नुसत्या थर्ड पार्टीला गाडीची तपासणी लागत नाही. फुल इन्शुरन्स घ्यायचा असेल आणि मधे खंड पडला असेल, तर मात्र गाडीचे फोटो किंवा पाहणी मागतात आणि ती गाडीपाशी असल्याशिवाय होत नाही. खंड ९० दिवसांहून जास्त झाला, तर साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही जाते. नवी पॉलिसी पैसे भरल्या क्षणापासून लागू होते की रात्री बारानंतर, हे पॉलिसीवर छापलेलं असतं, ते वाचा. आणि नोंद ‘वाहन’वर चढायला काही दिवस लागू शकतात, म्हणून चतुर्थीच्या आदल्या रात्री हे काम काढू नका.

दंडापेक्षा मोठी गोष्ट

दंडाची भीती दाखवून मला थांबायचं नाही. आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. कशेडीचा उतार, पावसात दरड, अंधारात रस्त्यावर बसलेली गुरं, वळणावर अचानक समोर येणारी शाळकरी मुलं. गाडी कितीही जपून चालवली तरी अपघात होऊ शकतो. विमा असेल, तर जखमी माणसाला किंवा मयताच्या घरच्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई कंपनी देते. मृत्यू आणि इजेसाठी थर्ड पार्टी विम्यात रकमेची वरची मर्यादा नाही. विमा नसेल, तर तीच रक्कम मालक आणि चालकाकडून वसूल होते. ती लाखांत जाते. त्यात कलमांची बाग जाते, घर गहाण पडतं आणि एवढं होऊनही समोरच्या घराला वेळेवर पैसे मिळत नाहीत. ज्याच्या घरातला कमावता माणूस गेला, त्याच्याकडे बघून हा विमा आहे. कॅमेऱ्याचं निमित्त झालं तरी हरकत नाही, पण घ्यायचा तो यासाठी.

मासळीचा टेम्पो, आंब्याची पिकअप किंवा पर्यटकांना तासावर दिलेली स्कूटर असेल, तर आणखी एक बघा. खासगी वापराची पॉलिसी काढून गाडी भाड्याने चालवलीत, तर अपघातानंतर कंपनी हात वर करू शकते. मशीनवर ‘विमा आहे’ असं दिसेल, चलन येणार नाही, आणि गरजेच्या वेळी मात्र संरक्षण नसेल.

तिसरं काम: गाडी कुणाच्या नावावर आहे?

आपल्याकडे वडील किंवा आजोबा गेले, तरी गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याच नावावर धावते. हप्ताही त्यांच्याच नावाने भरला जातो. नोंदीत विमा चालू दिसतो, म्हणून घरचे निवांत असतात. पण मालक वारल्यावर त्यांच्या नावाची पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच ग्राह्य असते. त्या काळात आरटीओत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करायची आणि मग पॉलिसीत नाव बदलून घ्यायचं. मृत्यू दाखला, आरसी आणि इतर वारसांची संमती ही तयारी ठेवून जा. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही हे मला कळतं. घरातल्या एखाद्या तरुणाने हे काम अंगावर घ्यावं.

जुनी गाडी विकत घेतली असेल, तर नमुना २९ आणि ३० वर नाव बदलतं. गाडी हस्तांतरित झाल्या तारखेपासून १४ दिवसांत विमा कंपनीलाही कळवायचं. कायद्याने (कलम १५७) थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे आपोआप येतो, ओन डॅमेज तसं येत नाही.

विकणाऱ्याने तर याहून जास्त सावध राहावं. ‘घेणारा करील नावावर’ असं म्हणून सोडून देऊ नका. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या खटल्यात गाडी एकामागून एक कितीतरी हातांतून गेली होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव होतं त्यालाच मालक धरून भरपाईची जबाबदारी टाकली. चलनही त्याच नावाने येतं.

बांदा, दोडामार्ग, सावंतवाडी भागात गोव्याच्या नंबरची गाडी घेणारे बरेच असतात. ती इकडे कायमची ठेवायची तर जीएचा नंबर जाऊन एमएच-०७ मिळतो. तेव्हा पॉलिसीत नवा नंबर चढवून घ्या. तसं केलं नाही, तर पॉलिसी जुन्या नंबरवर राहते, मशीन शोधतं नव्या नंबरवर आणि विमा असून नसल्यासारखा होतो.

विमा आहे, पण नोंदीत दिसत नाही

वरचा गोव्याच्या गाडीचा प्रकार त्यातलाच. दुसरं नेहमीचं कारण नव्या गाडीचं. शोरूममध्ये पॉलिसी निघते तेव्हा नंबर मिळालेला नसतो, म्हणून त्या रकान्यात नुसतं ‘न्यू’ लिहिलेलं असतं. नंबर आल्यावर तो पॉलिसीत घालून घ्यायला कुणी जात नाही. तिसरं कारण चासी किंवा इंजिन नंबरातला एखादा आकडा चुकलेला असणं.

यासाठी आरटीओत खेटे घालू नका. विम्याची माहिती कंपनीकडून येते, त्यामुळे दुरुस्तीही तिनेच करायची. कंपनीला ई-मेल पाठवा. त्यात पॉलिसी नंबर, आरसीचा फोटो आणि ‘वाहन’वरची चुकीची नोंद दिसणारा स्क्रीनशॉट जोडा. पॉलिसीत बदल लागणार असेल तर ‘एंडोर्समेंट’ (पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद) करून द्या, असं लिहा. नुसत्या फोनवर विसंबू नका, लेखी ठेवा. ऐकलं नाही तर विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’वर तक्रार करता येते, फोनसाठी १५५२५५ हा क्रमांक आहे.

नोंद दुरुस्त होईतो पॉलिसीची छापील प्रत गाडीत ठेवा. डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधले कागद कायद्याने मूळ कागदांइतकेच चालतात, पण घाटात रेंज नसते आणि पावसाळ्यात फोन भिजतो. पिशवीबंद कागदाचा तेव्हा आधार वाटतो.

आणि इथेच एक धोका सांगायला हवा. नोंदीत विमा दिसत नाही, याचा अर्थ कधीकधी विमा खरोखरच नसतो. स्वस्तात कागद छापून देणारे भामटे आहेत. पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा किंवा पॉलिसी नंबर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून बघा. पैसे कंपनीच्या नावाने भरा, एजंटाच्या खात्यावर नको.

नंबर प्लेट

खाऱ्या हवेने प्लेटवरचा रंग उडतो, पावसाळ्यात चिऱ्याची लाल माती आकड्यांवर बसते. आठचा तीन आणि शून्याचा सहा वाचला गेला, की चलन भलत्याच गाडीला जातं. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट येतेच, त्याआधीच्या गाड्यांना ती बसवून घ्यावी लागते. दुचाकीचा दर ४५० रुपये, चारचाकीचा ७४५, वर जीएसटी. बसवली नसेल तर बसवा आणि चिखलातून आल्यावर गाडी धुवायला वेळ नसला, तरी प्लेटवर पाणी मारा.

चलन आलंच तर

आधी बघा ते खरं आहे का. व्हॉट्सअॅपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल (फोनवर अॅप बसवणारी) आली, तर ती उघडू नका. ती उघडून बँकेचं खातं रिकामं झालेले लोक आहेत. मेसेजमधल्या लिंकवरूनही जाऊ नका. महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांचं ई-चलन संकेतस्थळ किंवा परिवहनचं ई-चलन पान स्वतः उघडा, पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना बघा, आणि तिथे गाडीचा नंबर टाका. खरं चलन असेल तर तिथे दिसेलच.

मग फोटो मोठा करून बघा. गाडी तुमचीच आहे का, रंग, मॉडेल, जागा, वेळ. गाडी देवगडात तुमच्या अंगणात आणि फोटो कळंबोलीचा असेल, तर नंबर चुकीचा वाचलाय किंवा कुणीतरी तुमच्या नंबरची नकली प्लेट लावलीय. नकलीचा संशय आला, तर चलनाची तक्रार करून थांबू नका, पोलिस ठाण्यात लेखी अर्जही द्या. तुमच्या नंबरवर दुसरा कुणी अपघात करून गेला, तर हाच अर्ज कामी येतो. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची आणि त्यात नंबर प्लेटचा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, जागा द्यायची, असं ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ मध्ये आहे.

चलनाच्या दिवशी विमा चालू होता आणि नोंदीत नव्हता, तर संकेतस्थळावरच्या तक्रारीच्या रकान्यात पॉलिसी जोडा. पॉलिसीची सुरुवातीची तारीख चलनाच्या आधीची असायला हवी. नंतर घेतलेल्या पॉलिसीने आधीचं चलन रद्द होत नाही. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. तिथे दाद लागली नाही, तर प्रकरण न्यायालयात मांडता येतं. आणि विमा खरोखरच संपलेला होता, तर दंड भरून पावती उतरवून घ्या, त्याच दिवशी विमा काढा आणि तो सुरू होईपर्यंत गाडी जिथे आहे तिथेच ठेवून एसटीने किंवा रिक्षाने जा.